ग्रीक निरोप्या आणि रेवसचा वर्ग

फळ्याखाली खडूचा चुरा साठतो ना, तसे वर्गातले किस्से साठतात. कितीही झाडा, थोडे उरतातच! त्यात आमचं कॉलेज रेवसजवळ आणि शिकवायची ग्रीक शोकांतिका, तीही वेगवेगळ्या समीक्षापद्धतींनी. मग काय विचारता!

•••

पहिली पद्धत मार्क्सवादी. उरणचा साहिल, घरचा ट्रकचा धंदा, मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, राजवाड्यात एवढा राडा चाललाय, पण जेवण कोण बनवतंय?"

मी हरखलो. "शाब्बास! श्रमिक दिसतच नाहीत, हाच तर मुद्दा!"

"तसं नाय सर. भूक लागलीय, लेक्चर सोडा ना."

•••

मग स्त्रीवादी. दर्शना रेवसच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकते, वडील मुंबईला हॉस्पिटलात. दर शनिवारी ही लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून त्यांना भेटून यायची. वडील बरे होऊन घरी येणार, हे ती आल्या-गेल्याला सांगायची.

मी विचारलं, "राणी गप्प का राहते?"

"तेच कळत न्हाय सर! आमचेकडं राणीनं राजाला पहिल्याच पानावर झापला असता. शोकांतिका झालीच नसती!"

•••

नाटकातल्या कोरसवर साहिलचा फार राग. "हे सगळे नुसते उभे राहून हळहळतात. उपयोग काय यांचा? काढून टाका ना!"

"परीक्षेला येतात बाबा, राहू दे," मी म्हटलं.

•••

शेवटी वाचककेंद्री समीक्षा. नाटकात निरोप्या येतो आणि मृत्यूची बातमी सगळ्यांसमोर धडाधड सांगून मोकळा होतो. दर्शना भडकलीच.

"येडा हाय का हा? असं कुनी तोंडावर सांगतं?"

"मग तुमच्याकडे कसं सांगतात?"

"तब्येत सीरियस हाय, निघून ये. बस्स! मानूस कसातरी घरी तर पोचतो."

वर्ग खो खो हसला, कारण प्रत्येकाच्या घरी असा फोन कधी ना कधी आलेला. मीही हसलो. "अगं, असा निरोप्या असेल तर नाटक संपणार कसं?"

•••

मागच्या महिन्यात भर तासाला दर्शनाचा फोन वाजला. ती बाहेर जाऊन आली आणि पुस्तकं बॅगेत कोंबू लागली.

"सर, जाते. काकाचा फोन व्हता. बाबांची तब्येत सीरियस हाय, निघून ये बोलला."

मी हातातलं पुस्तक मिटलं.

पहिला उठला साहिल. त्याने तिची बॅग उचलली. मग एकेक करत सगळा वर्ग उठला आणि तिच्या मागून जेट्टीपर्यंत चालत गेला. लाँच लागलेलीच होती. साहिल आणि तिची एक मैत्रीण सोबत जायला वर चढले.

मला राहवेना. "दर्शना, मी बोलू का काकांशी? नीट विचारतो, काय ते..."

तिने कठडा धरला.

"नको सर. लाँच धक्क्याला लागेपर्यंत सीरियसच असू दे."