बघून नंबर जोडते

"सगळ्यांसमोर म्हणून दाखवा. अकाउंट्सचा नंबर काय? स्टोअरचा? माझा?"

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. जेवणाची सुट्टी. डबे अर्धवट टाकून माणसं टेलिफोन बोर्डाच्या खोलीच्या दारात जमली होती. बेलापूरच्या त्या सरकारी ऑफिसात मी ऑपरेटर. आतले एकशे वीस नंबर सहा वर्षं मला तोंडपाठ. समोरचा नाव घेईपर्यंत माझं बोट बटणावर असायचं.

त्या सकाळी मंत्रालयातून सचिवांचा साहेबांना आलेला फोन मी कँटीनला जोडला. कँटीनवाल्याने सचिवांना विचारलं, कटिंग चहा किती पाठवू.

आताही साहेबांचा नंबर मला आठवला नाही. एक स्तन काढलेला. चौथी केमो होऊन आठ दिवस. स्कार्फखाली एक केस नाही. याची मला कधी लाज वाटली नाही. त्या तीन आकड्यांची वाटली.

हेडक्लार्क दारातूनच म्हणाले, "कोट्यातून घेतलं की हे असंच. आजाराचं आपलं निमित्त."

कोणीतरी हसलं.

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी बुद्धीने या कामास असमर्थ आहे, मला बोर्डावरून काढावे, अशी माझीच विनंती. "सही करा. तुमच्याच भल्याचं आहे."

माझा बाप जालन्याहून आला, शिरवण्याच्या कारखान्यात राबला. मला अक्षरओळख त्याने सभेच्या पत्रकांवर करून दिली. न वाचता सही करायची नाही, ही त्याची शिकवण. म्हटलं, वाचून देते. खरं तर एक ओळ वाचून दुसरीवर जाईपर्यंत पहिली पुसली जात होती. कागद पर्समध्ये घातला.

पुढच्या केमोला शेजारच्या पलंगावर साताऱ्याकडची मावशी होती. नवरा मार्केटात माथाडी. सलाईन चालू असताना हळूच म्हणाली, "पोरी, भाकरी तव्यावर टाकती न् इसरती. काल नातीचं नाव आठवंना. कुनाला सांगू नगं, येडी म्हनत्याल."

मी ताठ बसले. मग त्या खोलीतल्या एकेकीला विचारलं. आणखी तिघींचं तेच. त्यातली एक शिक्षिका, आडनावावरूनच मान मिळतो अशा घरातली. वर्गात साधी बेरीज अडली तिची. मुख्याध्यापकांनी तिला वही दिली. म्हणाले, बाई, बघून शिकवा, घाई नाही.

विसरणं तेच. तिला वही. मला तो कागद.

डॉक्टर म्हणाले, आजार छातीत आहे, डोक्यात नाही. मनाचे खेळ आहेत. मी विचारलं, पाचजणींच्या मनाचे एकच खेळ कसे? ते पुढच्या पेशंटकडे वळले. मी हलले नाही. "औषध सुरू झाल्यापासून विसरते, असं पेशंट सांगते. एवढं तरी लिहा." शेवटी त्यांनी केसपेपरवर लिहिलं. मी झेरॉक्स काढली.

कामावर आले त्या दिवशी एकशे वीस नंबर मोठ्या अक्षरांत लिहून बोर्डावर चिकटवले. साहेब आले. मी त्यांचा कागद सही न करताच परत दिला, वर झेरॉक्स ठेवली.

"सही नाही करणार. मी विसरते, हे खरं. औषधाने विसरते. जातीने नाही."

हेडक्लार्क म्हणाले, "यादी बघून काय, कोणीही काम करील."

"आणि सहा वर्षं न बघता केलं, ते कोणी केलं?"



साहेबांनी यादी ओढून फाडली. मी ड्रॉवरमधून दुसरी काढून लावली. बारा लिहून ठेवल्या आहेत. प्रत्येकीखाली एक ओळ: ऑपरेटर बघून नंबर जोडते, तोवर थांबावे.

आता बदलीची धमकी आहे. अजून एक केमो बाकी आहे. नंबर डोक्यात परत येतील का, कोणी सांगत नाही. नाही आले तरी ही खुर्ची मी सोडणार नाही. हेही उद्या विसरेन, म्हणून यादीच्या तळाशी लिहून ठेवलं आहे.

त्याखाली सही केली आहे. पूर्ण नाव, आडनावासकट.