उलट्या वाऱ्याची वाट पाहताना

दौंडला गाडी बदलली आणि खिडकीतून हिरवं काही दिसेनासं झालं. त्र्याहत्तर सालचा एप्रिल. मी रत्नागिरीकडचा शाळामास्तर. ट्रेनिंग कॉलेजातला मित्र दामू चार वर्षं 'एकदा काष्टीला ये' म्हणून मागे लागला होता, आणि मी निघालो तो नेमका दुष्काळात.

दामूच्या आईनं, सरूमावशीनं, माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) पुढे ठेवलं. "भात न्हाई मिळायचा, मास्तर," ती ओशाळून म्हणाली. मी पेजेवर वाढलेला माणूस, तीन वाट्या प्यायलो. मग तिची भीड चेपली.

घरामागे कडब्याची गंजी होती, वर दगड आणि बाभळीच्या फांद्या रचलेल्या. गोठ्यात मावशीनं वासरं असल्यापासून वाढवलेली बैलजोडी. "एवढा कडबा मिरगापतुर पुरला तर बैलं ऱ्हात्याली," ती म्हणाली. "न्हाईतर बाजार दावायचा." आठवड्याचा बाजार गावातच भरे. त्या साली तिथं विकणारेच फार होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दामू बैलांना पाण्यावर घेऊन गेला. वरचे दगड उतरवून मावशी पेंढ्या काढत होती. इतक्यात शिवारात तांबड्या धुळीचा खांब उभा राहिला आणि गरगरत आमच्याकडेच निघाला. आम्ही घरात पळालो. पत्रे थडथडले, डोळ्यांत माती गेली, आणि दोन मिनिटांत सगळं शांत.

मावशी दाराकडे निघाली. मी कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.

आमच्याकडचं चक्रीवादळ दोन दिवस आधी वर्दी देतं. होड्या वर ओढायला, छपरं बांधायला वेळ मिळतो. पण ते तासन्‌तास झोडपतं आणि मध्येच थांबतं. ऊन पडावं तसं उजळतं, माणसं बाहेर येतात, आणि वारा उलट्या दिशेनं परत येतो. माझा मामा अशाच शांततेत होडी पाहायला गेला आणि माड अंगावर पडून मेला. हे सगळं मी धापा टाकत मावशीला सांगितलं.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बसली. "बसू मग. तुमाला ठावं आसंल."

अर्धा तास तरी गेला असेल. वारा आला नाही. बाहेर खुरांचा आवाज येत होता, तिकडे मी लक्ष दिलं नाही. शेवटी दामूनंच दार बडवलं. "आतनं कडी का लावलीय, लेका?"

बाहेर शेजारणीच्या बाजेवरचे पापड जागचे हललेसुद्धा नव्हते. आमच्या गंजीचा वरचा अर्धा भाग मात्र रानभर विखुरला होता आणि गावची भुकेली गुरं तो खात होती. आमचं वादळ साऱ्या किनाऱ्याला झोडपतं. ही वावटळ एकच घर गाठते आणि निघून जाते, परत येत नाही. लगेच बाहेर पडलो असतो तर सगळा कडबा गोळा झाला असता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मावशी पेंढ्या वेचता वेचता म्हणाली, "तुमी मला जपलं, मास्तर. तुमच्या मामाला तवा आसं कुनी आडवाय पायजे हुतं."

संध्याकाळी, ज्यांच्या गुरांनी खाल्लं होतं ते आपणहून पेंढ्या घेऊन आले. कुणी दोन आणल्या, कुणी चार. गंजी पुन्हा रचली, तरी आधीएवढी नव्हती.

निघताना मावशीनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "तुमच्याकडचं वारं माघारी येतं म्हनता न्हवं? मग तुमी बी या."

घरी आलो तरी मन काष्टीलाच होतं. मृग लागला. आमच्याकडे कोसळणारा पाऊस तिकडे पोचला का, हा एकच घोर. आषाढात दामूचं कार्ड आलं: पाऊस झाला, जोडी गोठ्यातच आहे. ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. गंजी बांधायला खांद्यावर सुंभाचं (नारळाच्या काथ्याच्या दोराचं) मोठं वेटोळं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी बाहेर घुटमळलो.

"या, मास्तर," आतून मावशीचा आवाज आला. "कडी न्हाई लावली."