फ्रेममध्ये माणूस नको

पुलावरच्या मंडळींनो, मला सोडायला तुम्ही चौघं स्टेशनवर आला होतात, असं तुम्ही अजून लोकांना सांगता. साफ खोटं आहे. मला सोडायला फक्त बाबा आले होते. तुम्ही गाडी पाहायला आला होतात, आणि तिच्यात मी बसणार होतो हा निव्वळ योगायोग.

जूनची दुपार होती. नागपूर स्टेशनचे पत्रे असे तापले होते की खाली उभं राहवत नव्हतं. माझ्या दोन बॅगा, आईनं दिलेला सरगुंड्यांच्या खिरीचा डबा आणि बाबा, एवढा ऐवज घेऊन मी प्लॅटफॉर्मच्या मागच्या टोकाला उभा होतो. गाडीत माझी जागा अगदी मागच्या डब्यात होती. आई मनीषनगरच्या घरीच थांबली होती, "मले तिथं रडू येते" म्हणून. गाडी वळणावर दिसली आणि तुमच्यातला पक्या ओरडला, "अबे, ऑफलिंक! ऑफलिंक आहे बे!"

जे गाड्या पाहायला पुलावर कधी उभे राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक गाडीला ठरलेल्या शेडचं, म्हणजे इंजिनांच्या आगाराचं, इंजिन असतं. एखाद्या दिवशी भलत्याच शेडचं इंजिन येतं, त्याला आम्ही ऑफलिंक म्हणतो, आणि ते आलं की आमच्यात दिवाळी होते. त्या दिवशी पूर्वेकडच्या एका शेडचं इंजिन आलं होतं, नागपुरात आपल्यापैकी कुणीच न पाहिलेलं. तुम्ही चौघं कॅमेरे सरसावून पुढच्या टोकाकडे धावलात. गाडी सुटली तेव्हा माझ्या खिडकीशी हात हलवायला कुणी नव्हतं. बाबासुद्धा नव्हते. ते का नव्हते हे पुढे सांगतो, कारण ते सांगायला मला अजून धीर गोळा करावा लागतो.

कोइमतूरला मी मोटार रेसिंगच्या एका लहानशा टीममध्ये टायरच्या कामावर लागलो. रूळ सोडून डांबरावर गेलो म्हणून तुम्ही ग्रुपवर मला गद्दार ठरवलंत. "चार चाकं अन् तिथल्या तिथं गोल गोल फेऱ्या, त्यात काय पाहाचं गा?" असं पक्यानं लिहिलं आणि तुम्ही सगळ्यांनी खाली हसणारी तोंडं चिकटवलीत. तुम्हाला सांगतो काय पाहायचं ते. आमचे क्रू चीफ आहेत मुरुगेसन अण्णा. बुटके, कपाळाला विभूती, बोलणं जेमतेम. गाडी पिटमध्ये येते, आम्ही सहा जण तिच्यावर तुटून पडतो, चाकं बदलतो, आणि त्या सगळ्या गडबडीत अण्णा गाडीकडे बघतच नाहीत. ते आमच्याकडे बघतात. सहा चेहरे, बारा हात मोजून झाले की "सरी, पो" म्हणतात, म्हणजे ठीक, जा. तोवर ड्रायव्हर कितीही किंचाळला तरी गाडी हलत नाही. पहिल्या आठवड्यात मला हे खुळचट वाटलं होतं. इतकं भारी मशीन समोर असताना हा माणूस माणसं काय मोजतो, असं मी तेव्हा आईला फोनवर सांगितल्याचं आठवतं.

मी सकाळी इडली खातो, दुपारी सांबारात भात कालवतो, आणि तिखट कमी म्हणून रोज कुरकुरतो. तमिळ मोडकी येते. पाच वर्षं झाली. दर पावसाळ्यात घराच्या आठवणीनं गळे काढणारे आपले पुण्याचे आणि दुबईचे दोघं ग्रुपवर लिहितात, "पुलावरचा तो वारा, ती शिट्टी, मिस करून राहिलो यार." मला त्यांचाही राग येतो. शिट्टी मिस करणं सोपं असतं. शिट्टीला काही विचारावं लागत नाही.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. आमचं मूळ गाव पारशिवनीकडचं, पण बाबांचा जन्म फायलींत गेला. त्यांना रेल्वेचं काडीचं कौतुक नव्हतं. मी कॉलेज बुडवून संत्रा मार्केटच्या बाजूच्या पुलावर उभा असायचो आणि घरी गेलो की एकच वाक्य ऐकायचो, "काहून रे, लोखंडाले पाहून पोट भरते काय?" तरी एकदा मे महिन्यात ते सायकलवरून पुलावर आले. मी सकाळपासून उपाशी होतो म्हणून आईनं पोळीभाजी पाठवली होती. समोरून दोन गाड्या एकाच वेळी येत होत्या, असा योग महिन्यातून एकदा यायचा, आणि बाबा नेमके कठड्यापाशी, माझ्या कॅमेऱ्यासमोर. मी ओरडलो, "बाबा, सरका ना तिकडे! फ्रेममंधी येऊन राहिले तुम्ही!" ते सरकले. डबा कठड्यावर ठेवला आणि सायकल हातात धरून पूल उतरून गेले. तुम्ही सगळे तिथं होतात आणि हसला होतात. मीही हसलो होतो.

कारण तो नियमच होता. क्लीन शॉट. फोटोत इंजिन हवं, रूळ हवा, सिग्नल चालेल, आभाळ चालेल, पण माणूस नको. चहावाला, हमाल, रूळ ओलांडणारी बाई, कुणी कडेला आलं तरी फोटो बाद. व्हिडिओत कुणी शिरलं की तिथंच कापायचा. "पब्लिक आली, काप." रेल्वेसारखी माणसांनी ओसंडून वाहणारी गोष्ट, आणि आपण वर्षानुवर्षं तिची अशी चित्रं काढत बसलो की जणू त्या गाड्या भुतांसाठी धावतात. हा नियम कुणी केला याचं श्रेय पक्या आता स्वतःकडे घेतो. घेऊ दे. पण खरं बोलायचं तर नियम माझा होता. पहिल्या वर्षी तुमचे फोटो मीच बाद करायचो.

मी गेलो त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, बाबा गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून आई म्हणाली, "तुह्याजवळ असंन ना रे, तू तं एवढे फोटो काढत होता." मी हार्ड डिस्क उघडली. दहा वर्षांचे फोटो, हजारोंनी. इंजिनांचे रंग, इंजिनांचे नंबर, अजनीच्या शेडमधली, कळमेश्वरच्या पुढची, उन्हातली, धुक्यातली. मी दोन तास शोधत होतो आणि आई दारात उभी होती. बाबांचा एकही नव्हता. एका फोटोत कोपऱ्यात सायकलचं हँडल सापडलं, तेही बहुतेक दुसऱ्या कुणाचं. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओवाल्यानं मोठा करून दिला. त्यात बाबा पुसट शिक्क्याआडून बघतात. आईनं तो भिंतीवर लावून हार घातला. तिनं मला बोल लावायला हवा होता.

आता ते स्टेशनवरचं सांगतो. तुम्ही इंजिनाकडे धावलात असं मी वर लिहिलं. अर्धं लिहिलं. सर्वांत पुढे मी धावत होतो. बाबांच्या हातात बॅगा देऊन, "आलोच" म्हणून. गाडी दहा मिनिटं थांबते, सात मिनिटं मी त्या इंजिनासमोर होतो. पक्यानं घड्याळ दाखवलं तेव्हा भान आलं. गर्दीतून मागे पळालो, माझ्या डब्यापर्यंत पोचलोच नाही, गाडी हलली तसा मधल्याच डब्यात चढलो आणि आतून रेटत रेटत मागे गेलो. माझ्या जागेखाली बॅगा साखळीनं बांधलेल्या होत्या. समोरच्या काकूंनी किल्ली हातात दिली आणि म्हणाल्या, "आपके पापा दे गए. बोले, इंजन के पास होगा मेरा लड़का, बुलाके लाता हूँ."

म्हणजे मी मागे पळत होतो तेव्हा बाबा पुढे चालत होते. त्या गर्दीत कुठेतरी आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "जागा भेटली काय रे? सामान आहे ना? बस झालं." प्लॅटफॉर्मचा विषय त्यांनी कधीच काढला नाही आणि मीही काढला नाही. मला वाटलं दिवाळीला भेटू, तेव्हा माफी मागू. माझा हिशेब चुकला.

बाबा इंजिनाकडे गेले असतील तर ते पक्याच्या व्हिडिओत असणार, हे मला तेराव्याच्या रात्री लक्षात आलं. मी पक्याला पूर्ण व्हिडिओ मागितला. "तो तं मी तेव्हाच कापला गा, पब्लिक आली होती मंधात," असं उत्तर आलं. वर त्यानं कापून उरलेला तुकडा पाठवला: इंजिन शिट्टी देतं, हलतं, समोरून निघून जातं, आणि पहिला डबा लागायच्या आत पडदा काळा. तेवढ्यावर थांबला असता तर मी गप्प बसलो असतो. पण दर जूनमध्ये तो हाच तुकडा ग्रुपवर टाकतो. "भाऊच्या ऑफलिंकचा वाढदिवस!" आणि तुम्ही सगळे खाली केकची चित्रं टाकता. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच, फक्त चोळणाऱ्याला जखम कुठं आहे ते माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही हे खरं. पण पक्या, बाबांच्या तेराव्याला तू आमच्या घरी पंगतीला बसला होतास. मी व्हिडिओ काहून मागतो आहे, एवढं एकदा विचारलं असतंस तर तुझ्या बापाचं काय जात होतं?

आणि आता मेळावा. पुलावर सगळे जमणार, जुन्या फोटोंचं प्रदर्शन लावणार, आणि माझे फोटो सर्वांत क्लीन असतात म्हणून माझी हार्ड डिस्क हवी. मी नाही म्हटलं तर पक्या रुसला, आणि मला खूश करायला परवा एक फाइल पाठवली. जुन्या मेमरी कार्डात मूळ व्हिडिओ सापडला म्हणे, न कापलेला. सोबत लिहिलं होतं, "शेवटी शेवटी पब्लिक आहे, सांभाळून घे."

दोन दिवस मी तो उघडला नाही. काल रेस होती. रेस संपल्यावर टायरच्या ढिगावर बसून उघडला. अण्णा चहा घेऊन आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ग्लास शेजारी ठेवून निघून गेले.

मेळाव्याला मी येणार नाही. फोटोही देणार नाही, ते मी पुसून टाकणार आहे. "घरी कधी येतो गा?" असं तुम्ही विचारता. मनीषनगरचं घर आता भाड्यानं दिलं आहे, आई माझ्याजवळ असते आणि शेजारच्या तमिळ बाईशी हातवारे करून भांडते. नागपुरात माझं म्हणावं असं आता इंजिन गेल्यानंतरचं दीड मिनिट उरलं आहे, तेच जे तुम्ही कापून टाकलं होतं. तिथं परत जाता येत नाही, आणि त्याचा राग मी तुमच्यावर काढतो आहे. स्वतःवर काढून काढून थकलो, म्हणून.

इंजिन फ्रेमबाहेर जातं तेव्हा डावीकडून बाबा येतात. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. ते इकडे तिकडे बघतात, पक्याला काही विचारतात, पक्या कॅमेरा न हलवता मागे बोट दाखवतो. तोवर डबे वेग धरू लागलेले असतात. मी कुठल्या डब्यात आहे हे बाबांना कळायला मार्ग नाही. म्हणून ते सगळ्यांनाच हात हलवतात. जनरलच्या डब्याला, मग एसीच्या काळ्या बंद काचांना, मग स्लीपरच्या एकेका खिडकीला, एकही न सोडता. कुणी उलट हात हलवत नाही, कुणी कशाला हलवेल? शेवटी गार्डाचा डबा येतो. गार्ड दारात झेंडी घेऊन उभा आहे. त्यानं बाबांकडे पाहिलं आणि माझ्याऐवजी त्यानंच हात हलवला.