क्षेत्रसंन्याशाची लेक

वैदेही गर्दे बालाजी घाटाजवळच्या गल्लीत जन्मली, तिथंच वाढली आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता बेचाळीस वर्षांची झाली. हिमालय तिनं फळ्यावर इतक्यांदा काढला होता की डोळे मिटूनही काढला असता. प्रत्यक्षात मात्र तिच्या वाट्याला आलेला मोठ्यात मोठा चढ म्हणजे राजघाटचा पूल. काशी ही अशी सपाट, आणि बाईंना वेड काय, तर डोंगरातल्या रस्त्यांवर सायकल चालवण्याचं!

वेड साधंसुधं नव्हतं. पगारातून मागे टाकत तिनं गिअरची सायकल घेतली. गल्लीतून ती चालवत नेण्याची सोय नाही, कारण वाटेत एक तरी सांड आडवा पसरलेला असायचाच. म्हणून पहाटे सायकल खांद्यावर टाकून ती मोठ्या रस्त्यावर यायची आणि मग पुलावर चढ-उतर, चढ-उतर. मागं पिशवीत शाळेची जुनी पुस्तकं भरलेली, वजन हवं म्हणून. पुलाखालचा चहावाला ओरडायचा, "ए दीदी, पुलवा घिस जाई!" पूल कसला झिजतो, म्हणत वैदेही हसायची आणि पुन्हा वळायची.

तिच्या मनातला रस्ता ठरलेला होता. ऋषिकेशहून देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ, तिथून चोपत्याची खिंड ओलांडून खाली चमोली, मग अलकनंदेच्या अरुंद दरीतून जोशीमठ आणि शेवटी बद्रीनाथ. सगळा आपल्या पायांनी. हा रस्ता ती सहा वर्षं नकाशावर बोटानं चढत होती आणि सहा वर्षं घरात बसून होती, कारण घरात बाबा होते.

ढुंढिराज गर्दे, निवृत्त संस्कृत शिक्षक. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, त्याच वर्षी त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे काशीची सीमा आता ओलांडायची नाही, देह ठेवायचा तो इथंच. काशीतल्या मराठी घरांमधून असं व्रत घेणारे पूर्वी पुष्कळ होते, आता बोटावर मोजण्याइतके. आणि बाबांचं व्रत म्हणजे काय विचारता! समोरच्या काठावर रामनगरची रामलीला, ती सुद्धा बंद. नागपूरला त्यांची धाकटी बहीण प्रभावती अंथरुणाला खिळली, दादाला एकदा बघायचंय म्हणून निरोपावर निरोप आले, तरी हे हलले नाहीत. ती गेल्याचं कळलं तेव्हा घाटावर जाऊन अंघोळ केली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

वैदेहीनं पहिल्यांदा डोंगराचा विषय काढला तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वैदू, तुला तिकडं काही झालं तर मी यायचं कसं?"

एकुलती एक लेक. दवाखान्यात पडली तर उशाशी बसायला बाप येऊ शकत नाही, कारण बापानं स्वतःला काशीत बांधून घेतलंय. तिला त्या व्रताचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटायची. दर वर्षी सुट्टी यायची, दर वर्षी ती पुलावर जाऊन यायची.

या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मात्र ती हट्टाला पेटली. "बाबा, गुडघे कुरकुरायला लागलेत. आता नाही गेले तर कधीच नाही. रोज दिवेलागणीला फोन करीन." बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. शेजारच्या शिवरामकाकांना तिनं बाबांजवळ झोपायला सांगितलं आणि सायकल गाडीत घालून ती हरिद्वारला उतरली.

पहिले चढ तिनं धापा टाकत, प्रसंगी सायकल ढकलत, पण काढले. चोपत्याला फोनला रेंज नव्हती, त्यामुळं त्या संध्याकाळी बोलणं झालं नाही. उद्या दुप्पट बोलू, असं म्हणून ती झोपली. दुसऱ्या दिवशी धुकं आणि पाऊस. खिंड ओलांडून उतरताना ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली. वाटेत दोनदा दरड उपसायचं काम चाललेलं, तिथं ताटकळावं लागलं. खिशातला फोन भिजून बंद पडला. दिवस कलता कलता ती चमोलीला नदीकाठी पोचली, तेव्हा तिला फक्त एवढंच ठाऊक होतं की आपल्याला उत्तरेला जायचंय.

रस्ता दोन बाजूंना फुटत होता. पाटीवर ताडपत्री टाकलेली, माणूस दिसेना. वैदेही क्षणभर थांबली आणि नदी ज्या बाजूला धावत होती त्या बाजूला वळली.

ही चूक जगात फक्त काशीचा माणूस करू शकतो. काशीत गंगा उत्तरेला वाहते. अस्सीकडून राजघाटाकडे, पाण्याबरोबर निघालं की उत्तर. लहानपणी पायऱ्यांवर बसवून बाबांनी तिला दिशा शिकवल्या त्या अशाच. शाळेत ती मुलींना नद्यांचे उगम पाठ करायला लावायची, पण थकलेल्या अंगाला भूगोल आठवत नाही, घर आठवतं. रस्ता उताराचा होता, पाय खूश झाले, बाईंनी चक्क गाणं गुणगुणायला घेतलं.

बऱ्याच वेळानं डावीकडून दुसरी नदी येऊन मिळाली, आणि गाव लागलं. चहाच्या टपरीवरल्या बाईला वैदेहीनं विचारलं, जोशीमठ अजून किती लांब? बाईनं तिच्याकडं दयेनं पाहिलं. "जोशीमठ? दीदी, आप तो उल्टा आ गईं। ये नंदप्रयाग है।"

वैदेही बाकावर मटकन बसली. बद्रीनाथ उगमाकडे आणि भूगोलाची बाई निघाली होती समुद्राकडे! तिला इतकं हसू आलं की टपरीवालीही हसायला लागली. मग टपरीत दिवा लागला, आणि वैदेहीला दिवेलागणीचा फोन आठवला. काल फोन नाही, आजही नाही. तिनं त्या बाईचा फोन मागून घेतला. बाबांचा नंबर तेवढा पाठ होता.

"कौन?"

"बाबा, मी."

पलीकडून एकदम, "वैदू? लागलंय का तुला? कुठं आहेस?"

"काही लागलेलं नाही. फोन भिजून बंद पडला. आणि रस्ता चुकले, बाबा. उत्तरेला जायचं म्हणून नदीबरोबर गेले."

"नदीबरोबर? पहाडात?" बाबांचा आवाज चढला. "दिमाग ठिकाणावर आहे का तुझा? शाळेत काय शिकवतेस तू?"

एवढ्यात त्यांच्या मागून खणखणीत आवाज आला, यात्रीगण कृपया ध्यान दें.

"बाबा, तुम्ही कुठं आहात?"

"स्टेशनावर."

शिवरामकाकांनी फोन घेतला. "अगं, टीव्हीवर चमोलीच्या दरडीची खबर बघितली आणि उठलेच. पिशवीत धोतर, पंचा, दवाई. हरिद्वारचं तिकीट काढायला लावलं मला. म्हटलं दादा, सकाळपर्यंत थांबू, पोलिसांना विचारू. माझं ऐकतील तर शपथ! गाडी लागलीय, एक पाय डब्यात होता त्यांचा."

वैदेहीला रडू फुटलं. चारचौघांत, टपरीच्या बाकावर, ती हमसून रडली. बहिणीसाठी न हललेला माणूस तिच्यासाठी फलाटावर उभा होता. गाडी काशीच्या पंचक्रोशीबाहेर गेली की सहा वर्षांचं सगळं संपलं असतं, आणि ते त्यांना तिच्याहून चांगलं ठाऊक होतं. फोन पुन्हा बाबांच्या हातात गेला.

"बाबा, तुमचं व्रत..."

"मनानं मोडलंच ते. विश्वनाथाला काय सांगायचं ते मी सांगीन." मग म्हणाले, "प्रभाच्या वेळी नाही गेलो. व्रत राखलं. पण त्याचा आनंद एक दिवस झाला नाही, वैदू. दुसऱ्यांदा नाही जमणार मला."

"मी उद्याच परत येते. तुम्ही घरी जा."

"परत कशाला?" बाबा चिडलेच. "धडधाकट आहेस ना? मग वरती जा. सहा वर्षं तुला विचारत होतो, मी यायचं कसं. आज कळलं. शिवरामला टोटो रिक्षा बोलवायला सांगायचं आणि निघायचं. मी येऊ शकतो. तेव्हा तू जाऊ शकतेस."

शिट्टी झाली, गाडी हलल्याचा आवाज फोनमधून आला आणि लांब गेला. बाबा फलाटावरच होते. जेवलीस का, थंडी किती आहे, असं काहीबाही विचारत राहिले, आणि वैदेही नाक पुसत उत्तरं देत राहिली. टपरीवालीनं तिला आपल्याच घरी झोपवलं आणि वैदेहीचा भिजलेला फोन रात्रभर चुलीजवळ ठेवून वाळवला.

दुसऱ्या दिवशी वैदेही आल्या वाटेनं उलटी फिरली. कालचा सगळा सुखाचा उतार आज चढ होऊन पुढं उभा होता. चमोली मागं पडलं, आणि त्यापुढच्या दिवशी जोशीमठही. दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत गेले, खाली अलकनंदा तिच्या समोरून गर्जत येत होती आणि रस्ता वर, आणखी वर जात होता. एका वळणावर पाणी प्यायला ती थांबली आणि सवयीनं तिनं फोन काढून पाहिला. रेंज नव्हती. वैदेहीनं तो खिशात ठेवला, पायडलवर पाय दिला आणि ती चढत राहिली.