एकट्याची गाडी

रविवारी घाटाच्या पायथ्याशी चहा पिताना आमच्या बाइकवाल्या ग्रुपमध्ये बाजारात आलेल्या नव्या क्रूझर बाइकवरून वाद पेटला.

"एवढं मोठं इंजिन, एवढं वजन! वळणावर आवरायची नाही," प्रकाश म्हणाला.

"आवरणारा हवा," मकरंद हसला. "मी बुक केलीय."

त्याची बायको सुनंदा धुक्यात बुडालेल्या रस्त्याकडे बघत होती. लग्नापासून ती त्याच्या मागे बसूनच हिंडलेली.

"मागची सीट कशी आहे रे?" तिनं विचारलं.

"मागे सीटच नाही गं. एकट्याची गाडी आहे."

एरवी आम्ही भीती इंजिनच्या सीसी आणि टॉर्कच्या आकड्यांत बोलून घालवतो. त्या क्षणी मात्र सगळ्यांनी ग्लास खाली ठेवून हेल्मेटं उचलली.

निघताना जुन्या गाडीवर मागे बसत सुनंदानं मकरंदच्या खांद्यावर हात ठेवला. "आज हळू चालव," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे तिच्या तोंडून आम्ही कधीच ऐकलं नव्हतं.