देवमाशाच्या बदल्यात

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. लेकाने पुण्याहून फोन केला की मुंबईहून तीन दिवसांच्या जहाजसहलीची तिकिटं काढली आहेत, तू नांदेडहून ये, आणि येताना पिना आण. जहाजावर पिनांची अदलाबदल असते म्हणे, सगळी कुटुंबं भाग घेतात. आता औशाच्या शाळेत उभा जन्म घालवून निवृत्तीनंतर नांदेडला आलेल्या, रोज साडी नेसणाऱ्या बाईला पिना म्हटल्यावर काय कळणार? मी बाजारात गेले आणि सेफ्टी पिनांची बारा पाकिटं घेतली. लहान, मोठ्या आणि त्या खांद्यावर लावायच्या मोतीवाल्या सुद्धा. दुकानदाराने विचारलं, घरी लग्न हाय का? मी म्हटलं, न्हाई, जहाज हाय. समुद्रावर वारं लई असणार, पदर उडणार, बायका एकमेकींना पिना देणार, असं माझं मी ठरवून टाकलं होतं. पद्धत चांगली आहे, असंही मनात आलं.

जहाजावर चढले तर काय, लहानथोर सगळ्यांच्या गळ्यात रुंद फिती आणि फितींवर रंगीत, चकचकीत बिल्ले. खेकडा, नांगर, दीपगृह, टोपी घातलेला पोपट. एक द्यायचा, एक घ्यायचा, असा तो खेळ. जहाजावर काम करणारी माणसंही तेच बिल्ले लावून फिरत होती. माझ्या आठ वर्षांच्या नातीने मोठ्या आशेने माझी पिशवी उघडली आणि आत पाहून तिचा चेहरा एवढासा झाला. लेक डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मी म्हटलं, अरे याला बिल्ला म्हणतात, बिल्ला म्हणायला तुझी जीभ झडत होती का? खामखा पोरीच्या इज्जतीचा फालुदा केलास.

त्यात नातीचा जीव पहिल्याच तासात एका बिल्ल्यावर जडला होता. स्वागताच्या टेबलापाशी बसणाऱ्या बाईंच्या कोटावर निळा देवमासा होता, शेपूट वर उडवलेला. तिला दुसरं काही नको होतं. जेवणाआधी तिने मला तीनदा सांगितलं आणि जेवताना दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझं नशीब फळफळलं. वारं खरंच लई होतं, मी काय खोटं बोलले होते? वरच्या मजल्यावर एका काकूंचा पदर थेट कठड्यापलीकडे गेला. एका गृहस्थांच्या अर्ध्या चड्डीचं इलास्टिक ऐन खेळात सुटलं आणि ते दोन्ही हातांनी चड्डी धरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दुपारी मुलांचा वेशभूषेचा कार्यक्रम होता, तिथे निम्म्या पऱ्यांचे पंख गळायला लागले. अख्ख्या जहाजावर सेफ्टी पिना फक्त माझ्या पिशवीत. नातीने लगेच भाव फोडला, दोन पिनांना एक बिल्ला. मी मागे बसून तिला शिकवत होते की पहिल्या हाकेला हो म्हणायचं नाही, समोरच्याच्या पंखाकडे बघून जरा मान हलवायची. संध्याकाळपर्यंत तिच्या फितीवर चौदा बिल्ले झाले. मला इतकी मजा कैक वर्षांत आली नव्हती.

पण देवमासा काही येईना. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दुपारी, आम्ही दोघी त्या बाईंकडे गेलो. त्यांनी फीत नीट पाहिली आणि हसून हिंदीत सांगितलं की हे सगळे जहाजावरचेच आहेत, माझ्याकडे डबाभर पडलेत. तुमच्या गावाकडचा एखादा जुना, खरा बिल्ला असेल तर आणा, देवमासा तुमचा. चार वाजता त्यांची कामाची पाळी संपत होती. नात हळूच वळली आणि माझ्या पर्सकडे बघायला लागली, कारण तिला माहीत होतं.

माझ्या पर्समध्ये एक लाल बिल्ला होता. लेक अकरावीला गेला तेव्हा मी लातुरात क्लासजवळ एक खोली भाड्याने घेतली. औशाच्या, उमरीच्या, कुठकुठल्या आया तेव्हा तशाच पोरांसाठी लातुरात खोल्या करून राहत होत्या. स्वयंपाक उरकून मी एसटीने औशाला शाळेत जायची आणि संध्याकाळी परत यायची. क्लासमध्ये पोरांना बिल्ले होते, पांढरा, पिवळा आणि लाल. लाल म्हणजे पहिली तुकडी. दर चाचणीनंतर मार्कांप्रमाणे बिल्ला बदलायचा आणि बिल्ल्याशिवाय आत घेत नसत. लेकाला पहिला महिनाभर पिवळा होता, मग लाल मिळाला तो दोन वर्षं उतरला नाही. रोज सकाळी तो मी स्वतः त्याच्या शर्टाला लावायची, अगदी सरळ. भाजीबाजारात बायका आधी त्याच्या छातीकडे बघायच्या, मग तोंडाकडे. मला ते भारी आवडायचं, खोटं कशाला बोलू? तो इंजिनिअरिंगला गेला, बिल्ला माझ्याकडे राहिला. नंतर चार पर्सा बदलल्या, बिल्ला तोच. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या कुणाचीही तो बघितल्यावाचून सुटका झालेली नाही.

तर मी नातीला म्हटलं, नाही म्हणजे नाही. जरा जोरातच म्हटलं. चौदा आहेत ना, त्यात समाधान मान. ती आवाज न करता रडायला लागली, त्याचा मला जास्त राग येतो. मला तिचा राग आला, त्या बाईंचा आला, देवमाशाचा तर आलाच. लेक जवळच खुर्चीत मोबाइल बघत बसला होता. तो पोरीला दोन शब्द सुनावेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने मोबाइल उलटा ठेवला.

"आई, देऊन टाक तो. मला तो बिल्ला कधीच आवडला नाही."

मला वाटलं, हा थट्टा करून राहिला. मी म्हटलं, अरे लाल आहे तो, लाल.

"तू रोज लावायचीस तेव्हा माझ्याकडे बघतेस का बिल्ल्याकडे, तेच कळायचं नाही. उद्या पिवळा मिळाला तर खोलीवर जायचं कसं, एवढंच दोन वर्षं डोक्यात होतं."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. दोन वर्षं ते पहाटेचं रांधणं, त्या एसट्या, ती पत्र्याची खोली कुणासाठी होती, हे सगळं. ते खोटं नव्हतं. पण तो रागाने बोलत नव्हता, आणि म्हणून मला उलटून बोलता येईना. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मग त्याने माझ्या पिशवीत हात घातला आणि एक मोठी सेफ्टी पिन काढून घेतली. म्हणाला, ही मात्र मला दे, ही आठवते. मला काही उमगेना. त्यानेच आठवण करून दिली. भूकंप झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आमच्या भिंती तडकल्या होत्या आणि आम्ही महिनाभर शाळेच्या पटांगणात राहून होतो. दिवसभर ट्रक, परकी माणसं, ही गर्दी. पोरगं हरवू नये म्हणून मी त्याच्या शर्टाचं टोक माझ्या पदराला पिनेने टाचून ठेवायची. पाण्याच्या रांगेत, चुलीपाशी, जिथे मी तिथे तो. मी तर साफ विसरले होते. मला तो तेव्हा कामाचा एक भाग वाटला होता, पीठ मळण्यासारखा.

"तेव्हा मला भीती वाटायची नाही," तो म्हणाला.

चारला दहा मिनिटं कमी असताना मी नातीचा हात धरून त्या टेबलापाशी गेले आणि पर्समधून बिल्ला काढला. त्यावर काय लिहिलंय, असं बाईंनी विचारलं. मी सांगितलं, लातूर आणि नुसता एक आकडा. पोराचं नाव त्यावर नव्हतंच, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी तो कोटावर लावला, थोडा तिरका लागला. मी सरळ करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. नातीने देवमासा फितीवर न लावता मुठीत धरून ठेवला.

मुंबईला उतरताना ही झुंबड. बॅगा, पोरं, धक्काबुक्की. शिडीवरून उतरताना माझा पदर मागून ओढला गेला. नवी साडी होती. कोण मेला पदरावर पाय देतोय म्हणून मी तोंड उघडून वळले, तर मागे लेक. त्याच्या शर्टाचं टोक माझ्या पदराला टाचलेलं होतं.

"गर्दी लई हाय, आई," तो म्हणाला. पुण्यात जाऊन इतकी वर्षं झाली, असं बोलला नव्हता.

पदराला भोक पडलं होतं, ते मला दिसलं. मी काढ म्हटलं नाही.