पाचवे कलम आणि विरजणाचे भांडे

परदेशातल्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या तरुणांसाठी मी एक आठ पानी पत्रक लिहिले होते. त्यात एकवीस कलमे होती. ते लिहिले तेव्हा मी रत्नागिरीच्या बाहेर फार तर लांज्यापर्यंत गेलो होतो, तेही एका लग्नाला. समुद्रप्रवास म्हणाल तर भाट्याची खाडी तरीतून ओलांडली होती, आणि तेवढ्यातही मला मळमळले होते.

पण पत्रक लिहायला अनुभव लागतो, असे मला कोणी सांगितलेच नव्हते. मी पत्रकांवर वाढलो. वडील छापखान्यात खिळे जुळवीत आणि बिघडलेले कागद घरी आणीत. स्वदेशीची, दारूबंदीची, विधवाविवाहाची पत्रके. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरे गिरवली आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकलो. त्यामुळे जगातले कोणतेही दुखणे ठळक अक्षरांत कलमे काढली की बरे होते, अशी माझी समजूत झाली. थोडीशी अजूनही आहे.

मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम ओसरली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. माझा एक शाळूसोबती मुंबईला जाऊन प्राणिशास्त्र शिकून आला होता. त्याचा विषय कालवे, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे शिंपले. ज्या घरात मासळीचे नाव काढले तरी आचमन करीत, त्या घरातला हा मुलगा ओहोटीला गुडघाभर चिखलात उभा राहून खडकावरची कालवे सोलून काढी. त्याचे वडील त्या वेळी देवळात जात आणि ओहोटी संपल्यावर परत येत. त्याला एक प्रश्न पडला होता: कालवांची पिले काचेच्या भांड्यात वाढवता येतील का? आली, तर आपल्या खाड्यांतही कालवांची शेती करता येईल, असे त्याला वाटे.

युरोपच्या दक्षिण किनाऱ्यावर एक प्रयोगशाळा होती. दहा-बारा देशांचे लोक तिथे येऊन समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करीत. तिथून त्याला पत्र आले. एक टेबल मिळेल. पहिले तीन महिने पारखण्याची मुदत, काम बरे दिसले तर वर्षभर ते टेबल तुमचे, नाही तर परतीची बोट. आमच्या गावातून असल्या कामाला कोणी गेलाच नव्हता. हा तीन महिन्यांत परत आला असता तर पुढच्या दहा वर्षांत कोणा मुलाने नुसता अर्ज लिहायचेही धाडस केले नसते. हे त्याला ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि त्याला पोचवायला येण्यासाठी आतापासून धोतरे धुऊन ठेवणाऱ्या साऱ्या गावाला ठाऊक होते.

सल्ला द्यायला सगळेच पुढे आले. एकाने कानटोपी दिली, एकाने आमसुले दिली, एका निवृत्त मास्तरांनी साहेबाला भेटल्यावर म्हणायची इंग्रजी वाक्ये पाठ करून घेतली. त्यातली निम्मी वाक्ये हवामानाबद्दल होती. मला हे सगळे पोरकट वाटले. माणूस स्वाभिमान घेऊन गेला पाहिजे, कानटोपी नव्हे. म्हणून मी पत्रकाला बसलो.

मी अगदीच कोणाला विचारले नाही असे नाही. बंदरावर एक म्हातारे तांडेल राहत. तरुणपणी गोऱ्या कंपनीच्या आगबोटींवर ते खलाशी होते आणि पुष्कळ देश फिरले होते. गावात खरोखर परदेश पाहिलेला तेवढा एकच माणूस. ते जाळे विणीत बसले होते. मी वही काढली आणि परक्या मुलखात नव्या माणसाने कसे वागावे, असे विचारले.

त्यांनी हातातली गाठ पुरी केली. "पयल्या दिवशी तोंड बंद ठेवायचं, मास्तर," ते म्हणाले. हातात वही दिसली की ते कोणालाही मास्तर म्हणत. "तिथला सगळ्यात मोठा माणूस आपल्या हातानं काय करतो ते बघायचं. नि आपण तेच करायचं."

"आणि तत्त्वाचा प्रश्न आला तर?"

"तो दुसऱ्या आठवड्यात येतो."

मी वही मिटली. जन्मभर गोऱ्यांच्या बोटी पुसलेल्या माणसाकडून दुसरे काय मिळणार, असे मला वाटले. हे वाक्य आज लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा मी ते नुसते मनात आणले नाही, छापखान्यात चौघांना ऐकवलेसुद्धा.

पत्रक उत्तम झाले. पहिल्या कलमात हॅट घालू नये असे होते, दुसऱ्यात हॅट का घालू नये ते होते. पण माझे लाडके कलम पाचवे. ते मी सगळ्यांत मोठ्या खिळ्यांत बसवले होते: 'गोऱ्या साहेबाने सांगितलेले कोणतेही हलके काम करू नये. झाडणे, पुसणे, भांडी धुणे ही कामे स्पष्ट नाकारावीत. आपण विद्येसाठी आलो आहोत, चाकरीसाठी नव्हे.' मित्राने ते पडावात बसताना वाचले आणि आगबोटीची शिडी चढताना छातीशी धरले. मी किनाऱ्यावरून पाहिले. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

त्याचे पहिले पत्र आले ते मी आमच्या पडवीत मोठ्याने वाचले. ऐकायला दादा होता, शेजारचे दोघे होते. आणि मागच्या दारी, विहिरीजवळच्या दगडी डोणीपाशी वहिनी भांडी घाशीत होती. तिला मी बोलावले नव्हते, पण माझा आवाज सभेत बोलायचा असल्यामुळे तिच्यापर्यंत पोचत होता.

पत्र विजयाचे होते. पहिल्याच संध्याकाळी प्रयोगशाळेचे प्रमुख, पांढऱ्या दाढीचे एक जगप्रसिद्ध गृहस्थ, त्याच्या टेबलाशी आले. त्यांनी त्याची वापरलेली काचेची भांडी दाखवली आणि कोपऱ्यातले धुण्याचे कुंड दाखवले. मित्राने पाचवे कलम आठवले आणि नम्रपणे सांगितले की हे माझे काम नव्हे. 'साहेब काही बोलला नाही,' त्याने लिहिले होते. 'त्याने माझी भांडी उचलली आणि स्वतः धुतली. तुझे कलम जिंकले. आता फरशी पुसायला एक माणूस येतो त्याला मी भांडी दिली आहेत. तो साबण लावून लख्ख करतो.'

मी थांबलो, म्हणजे टाळ्यांना जागा मिळावी. दादाने पान जुळवायला घेतले.

मागून वहिनीने विचारले, "आणि तो साहेब स्वतःची भांडी कोणाकडून धुऊन घेतो, भावोजी?"

मी पत्रात पाहिले. ते पुढच्याच ओळीत होते आणि मी ते गाळले होते. "स्वतःच धुतो," मी म्हणालो. "तिथे सगळे आपापली धुतात, असं लिहिलंय."

"मग तो साहेब कसला? ती तर तिथली वहिनी झाली."

शेजारचे दोघे हसले. दादा हसला नाही, पण त्याने पान तोंडात घालायची घाई केली. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या. त्या मी आधी वाचणार नव्हतो, पण आता वाचल्या: 'कालवांची पिले तिसऱ्या दिवशी मरतात. तीन वेळा झाले, कारण कळत नाही. इथले लोक माझ्याशी फार आदराने वागतात आणि फार कमी बोलतात.'

वहिनी राखेचे हात तसेच घेऊन पडवीच्या उंबऱ्याशी आली. आमच्याकडे ती पुरुषांच्या बैठकीत सहसा येत नसे. तिने शेवटच्या ओळी पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाली, "साबणानं मरतात ती."

मी म्हणालो, जगातले मोठमोठे लोक तिथे बसले आहेत, कारण इतके सोपे असते तर त्यांनी सांगितले नसते का?

"सांगायलाच आला होता तो पहिल्या दिवशी. तुमच्या कलमानं त्याला बोलू कुठं दिलं?"

मग तिने मला विरजणाचे भांडे दाखवले. फडताळात वरच्या फळीवर एक लहान कल्हईचे पातेले पालथे ठेवलेले असे. जन्मात मी त्याच्याकडे पाहिले नव्हते. ते ती कोणालाही घासू देत नसे, कामाच्या बाईला नाही, सासूलासुद्धा नाही. त्यात राखेचा कण राहिला, रिठ्याचा वास राहिला, कोणाच्या बोटाचे तेल राहिले, तरी विरजण मरते. "दही म्हणजे जिवंत असतं," ती म्हणाली. "तुमच्या मित्राची पिलं तर त्याहून नाजूक. ती दुसऱ्याच्या हाताच्या भांड्यात कशी जगतील?"

मला ते पटले. पटल्यावर मी लगेच जे करतो तेच केले: कागद घेतला आणि शीर्षक लिहिले. वहिनीने कागद काढून घेतला.

"आधी एक भांडं धुऊन दाखवा. मग लिहा."

मी हसून टाळायला पाहिले. मी कोण होतो? सहभोजनाच्या तीन पत्रकांचा लेखक. माणसामाणसांत उच्चनीच नाही हे ठळक अक्षरांत गावभर वाटलेला माणूस. वहिनीने तेच नेमके धरले. गेल्या सहभोजनाला सगळे एका पंगतीत बसले, फार चांगले झाले, पण नंतर भांडी कोणी घासली, असे तिने विचारले. मी म्हणालो, पत्रावळी होत्या.

"वरणाचं पातेलंपण पत्रावळीचं होतं का?"

ते पातेले कोणी घासले हे मला आठवेना. आठवेना कारण मी पाहिलेच नव्हते. मी भाषणाचे कागद गोळा करीत होतो.

मी डोणीपाशी उकिडवा बसलो. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा नारळाच्या सोडणाचा चोथा हातात धरला. धोतर भिजले, बोटांची साले निघाली, आणि मी पातेले वहिनीपुढे धरले. तिने वास घेतला आणि परत दिले. दुसऱ्यांदा तिने कडेखालून बोट फिरवले आणि ते बोट मला दाखवले. तिसऱ्यांदा म्हणाली, बघू, आणि त्यात दूध विरजले. सकाळी दह्याला तार आली होती. तिने ते सगळ्यांच्या देखत माझ्या पानात वाढले.

चौथ्या दिवशी कुठे दही लागले. त्या चार दिवसांचे टपाल मी घालवले, आणि रत्नागिरीहून तिकडे पत्र पोचायला तीन आठवडे लागत. तीन महिन्यांपैकी काय उरते याचा हिशेब मी सारखा बोटांवर करीत होतो आणि दर वेळी तो वाईटच येत होता.

पत्र वहिनीने सांगितले आणि मी लिहिले. साबण बंद. गरम पाणी तीन वेळा. आत बोट घालायचे नाही. पालथे घालायचे ते धुतलेल्या फडक्यावर, पुसायचे नाही. आपले भांडे दुसऱ्याला द्यायचे नाही, दुसऱ्याचे आपण घ्यायचे नाही. मी मध्येच एकदा 'स्वावलंबनाचे महत्त्व' असे दोन शब्द घालायला पाहिले. तिने ते खोडायला लावले. म्हणाली, त्याला घाई आहे.

मग मी बंदरावर गेलो. तांडेल अजून जाळेच विणीत होते, कदाचित तेच. मी त्यांना सगळे सांगितले आणि त्यांचे पहिल्या दिवसाचे बोलणे पत्रात घालू का असे विचारले. ते म्हणाले, घाला की. बोटीवर प्रत्येकाचा मग आपापल्या खुंटीला असायचा आणि नवा खलाशी स्वतःचा मग कसा धुतो हे जुने लोक चोरून बघायचे, हे त्यांनी तेव्हा सांगितले. मी विचारले, हे आधी का नाही सांगितलेत?

"तुमी वही मिटलीत ना, मास्तर."

पत्राच्या शेवटी मी एक ओळ स्वतःची लिहिली. 'पाचवे कलम रद्द. ते लिहिणाऱ्याने आजवर स्वतःचे ताटही उचलले नव्हते.' ती ओळ लिहायला मला उरलेल्या पत्राहून जास्त वेळ लागला.

नंतरचे दिवस वाईट गेले. गावातले लोक मित्राची खुशाली विचारीत आणि मी बरी आहे म्हणे. पोस्टमन आमच्या गल्लीत वळला की वहिनी हातातले काम घेऊन पुढच्या दारी येई. तिने मला एकदाही दोष दिला नाही. फक्त एकदा विचारले की त्याचे परतीचे तिकीट कोण काढणार होते, ती प्रयोगशाळा का त्याचे वडील. मला ठाऊक नव्हते. हेही माझ्या एकवीस कलमांत नव्हते.

पत्र आले ते मी या वेळी पडवीत वाचले नाही. मागच्या दारी डोणीवर बसून वाचले, वहिनीपुढे. मित्राने लिहिले होते की पत्र मिळाले त्या संध्याकाळी सगळे निघून जाईपर्यंत तो लाजेने थांबला आणि मग कुंडाशी गेला. प्रमुख परत आले, टोपी विसरली म्हणून. त्यांनी पाहिले. कोट काढला, शेजारी उभे राहिले आणि पाणी किती गरम हवे ते हाताने दाखवले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या टेबलांवरच्या लोकांनी त्याला चहाला बोलावले. पिले नऊ दिवस जगली, मग बारा दिवस. तीन महिने भरले त्या दिवशी प्रमुखांनी कागदावर सही केली. टेबल वर्षभरासाठी त्याचे.

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि चोथा उचलला.

"त्याची मुदत संपली," ती म्हणाली. "तुमची कधी संपते?"

त्या दिवसापासून माझे ताट मी धुतो, आणि शनिवारी विरजणाचे भांडेही. याला आता पाच वर्षे झाली. पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली, त्यात नऊच कलमे आहेत आणि पहिले तांडेलांचे आहे. माझ्या मुदतीचे काय, असे मी वहिनीला अधूनमधून विचारतो. ती भांड्याचा वास घेते, ते उजेडाकडे धरते आणि म्हणते, अजून ठरवलं नाही.